हिरवे पाणी आणि खालचे पाणी: भूजल पुनर्भरणात शेवाळ काय करते

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फीनिक्स हे वाळवंटी शहर आहे. 1970 च्या दशकात तिथे सॉल्ट नदीच्या पात्रालगत, शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जमिनीत मुरवण्याचा प्रकल्प उभा राहिला. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आधी 32 हेक्टरच्या एका तळ्यात थांबायचे आणि तिथून मुरवण्याच्या तळ्यांत जायचे. थांबलेले पाणी निवळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पोषक द्रव्ये, ऊन आणि स्थिर पाणी हे तिन्ही एकत्र मिळाल्याने कार्टेरिया क्लेब्सी नावाचे एकपेशीय शेवाळ तळ्यात माजले. पुढच्या तळ्यांत ते मातीवर चिकटून बसले आणि पाणी मुरेनासे झाले. भर म्हणून, शेवाळाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यामुळे सामू 9 ते 10 पर्यंत चढला, चुनखडी साक्यासारखी खाली बसली आणि उरलीसुरली छिद्रेही बुजली. मोठे तळे वगळून पाणी थेट नेणारा कालवा काढल्यावर मुरण्याचा वेग लक्षणीय वाढला. या कामामागे असलेले जलशास्त्रज्ञ हर्मन बौवर यांनी पुढे आयुष्यभर सांगितले की मुरवण्याची तळी खोल करू नका. खोली वाढली की पाणी जास्त दिवस रेंगाळते, शेवाळाला वाढायला सवड मिळते आणि वरच्या पाण्याच्या दाबाने तळाचा थर आणखी घट्ट होतो.

शेवाळ हा पुनर्भरणाचा शत्रू, असा धडा यातून बहुतेक अभियंत्यांनी घेतला. पाणी किती मुरले एवढेच मोजायचे असेल तर तो बरोबर आहे. पण मुरणारे पाणी किती स्वच्छ झाले हे विचारले की उत्तर बदलते. 1829 मध्ये जेम्स सिम्पसनने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी संथ वाळूचा गाळणा बांधला. पुढे कळले की अशा गाळण्यात शुद्धीकरणाचे मोठे काम वाळूच्या माथ्यावर साठणाऱ्या बुळबुळीत जैविक थरात होते. उघड्या गाळण्यांवर हा थर शेवाळ, डायॅटम, जीवाणू आणि त्यांना खाणारे आदिजीव यांचा मिळून बनतो. 1892 मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे गेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे म्हणजे अधिक घाण पाणी उचलत होते. पण ते वाळूतून गाळून घेत होते, आणि ते मोठ्या प्रमाणात वाचले. ज्या थरामुळे पाणी अडते, त्याच थरामुळे ते शुद्धही होते.

गेल्या काही दशकांत जगभर जे काम झाले त्याचा माझ्या वाचनातून निघणारा अर्थ असा: शेवाळ जिवंतपणी पाण्यात वर असताना जे करते आणि मेल्यावर मातीत खाली जाऊन जे करते, ते जवळजवळ एकमेकांच्या उलट आहे. पुनर्भरणाचे पाणी चांगले निघणार की वाईट, हे शेवाळ किती आहे यापेक्षा ते कुठे मरते आणि मेल्यानंतर त्याला हवा मिळते का, यावर अधिक ठरते.

आधी जिवंत शेवाळाचे पाहू. दिवसा ऊन असताना ते ऑक्सिजन सोडते, इतका की पाण्यात तो संपृक्ततेच्याही वर जातो. सामू चढतो. चढत्या सामूमुळे अमोनियाचा काही भाग वायुरूपाने उडून जातो, फॉस्फेट चुनखडीबरोबर खाली बसते, आणि नायट्रोजन व फॉस्फरस पेशींत बांधले जातात. रोगजंतूंनाही फटका बसतो. कर्टिस, मारा आणि सिल्व्हा यांनी 1992 मध्ये दाखवले की सांडपाण्याच्या तळ्यातले विष्ठेतून आलेले जीवाणू नुसत्या उन्हाने मरतात त्यापेक्षा ऊन, भरपूर ऑक्सिजन आणि चढा सामू एकत्र आले की फार लवकर मरतात. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी शेवाळच पुरवते. रात्री मात्र हेच शेवाळ श्वसन करते, ऑक्सिजन खाते, सामू उतरतो. त्यामुळे हिरव्या तळ्यातून जमिनीत उतरणाऱ्या पाण्याचे रसायन दुपारी एक असते आणि पहाटे दुसरे. दुपारी बारा वाजता एकच नमुना घेऊन अहवाल लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

आता मेलेले शेवाळ. इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी समुद्रातल्या प्लवकांसाठी मांडलेले गुणोत्तर, म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे 16 आणि कार्बनचे 106 अणू, गोड्या पाण्यातही ढोबळमानाने चालते. त्यानुसार पाण्यातल्या 1 मिलिग्राम फॉस्फरसापासून सुमारे 115 मिलिग्राम कोरडे शेवाळ तयार होऊ शकते. ते पूर्ण कुजायला सुमारे 140 मिलिग्राम ऑक्सिजन लागतो. 25 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात मावतो जेमतेम 8 मिलिग्राम. शेवाळाने दिवसा सोडलेला जास्तीचा ऑक्सिजन तर तेव्हाच हवेत निघून गेलेला असतो. मातीत उतरलेल्या मृत पेशींच्या वाट्याला तो येत नाही. याच हिशोबाने लिटरमागे 7 मिलिग्रामच्या आसपास शेवाळ मातीत कुजले की त्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपतो. एवढे शेवाळ व्हायला फॉस्फरस लागतो 0.06 मिलिग्राम. नेहमीची प्रक्रिया केलेल्या शहरी सांडपाण्यात तो लिटरला काही मिलिग्राम असतो. सगळा फॉस्फरस शेवाळात जात नाही आणि सगळे शेवाळ मातीत शिरत नाही हे खरे, पण दोन आकड्यांतले अंतर इतके मोठे आहे की निष्कर्ष हलत नाही.

ऑक्सिजन संपल्यावर जमिनीत काय घडते याचा सर्वांत बारीक अभ्यास बर्लिनमध्ये झाला. या शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा तळ्यांच्या आणि नद्यांच्या काठांतून झिरपलेल्या व तळ्यांतून मुद्दाम मुरवलेल्या पाण्याचा आहे. टेगेल तळ्याचे पाणी तिथे मुरवण्याच्या तळ्यांत सोडतात. तळाशी थर साचत जातो, मुरण्याचा वेग अनेक पटींनी घसरतो, मग तळे रिकामे करून वरची वाळू खरवडून काढतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. संशोधकांना या चक्रात एक अनपेक्षित गोष्ट सापडली. सुरुवातीला तळ्याखालची वाळू पूर्ण पाण्याने भरलेली असते, हवा आत जाऊ शकत नाही. या काळात ऑक्सिजन संपतो, मग जीवाणू नायट्रेटकडे आणि त्यानंतर मँगनीजकडे वळतात. पुढे तळ इतका बुजतो की वरून येणारे पाणी खालची वाळू भरून ठेवायला पुरत नाही. थराखाली अर्धवट कोरडा पट्टा तयार होतो, बाजूने हवा शिरते आणि वाळूत अडकलेला सेंद्रिय गाळ ऑक्सिजनच्या मदतीने कुजू लागतो. म्हणजे शेवाळाने तळ बुजवल्याने पाण्याचे प्रमाण कमी झाले, पण खालचा श्वास मोकळा झाला. दर दिवशी किती मीटर पाणी मुरले एवढेच नोंदवणाऱ्याला यातला अर्धा भाग दिसणारच नाही.

याचा परिणाम औषधांच्या अवशेषांवर थेट दिसतो. फेनाझोन हे वेदनाशामक ऑक्सिजन असलेल्या वाळूत चांगले विघटित होते. बर्लिनच्या तळ्याखाली हिवाळ्यात ते नाहीसे व्हायचे आणि उन्हाळ्यात खालपर्यंत पोचायचे, कारण उन्हाळ्यात जीवाणूंचा वेग वाढून ऑक्सिजन संपलेला असायचा. उष्णतेने सगळी विघटने वेगवान होतात असे आपण धरून चालतो. इथे नेमके उलटे घडते, आणि आपल्यासारख्या उष्ण देशाने त्याची दखल घेतली पाहिजे. सल्फामेथोक्साझोल हे प्रतिजैविक मात्र ऑक्सिजन नसलेल्या पट्ट्यात जास्त कमी होते. कार्बामाझेपिन हे अपस्माराचे औषध दोन्हीकडून जवळजवळ तसेच पार होते. शेवाळातून स्रवणारी प्रथिने आणि शर्करा जीवाणूंना सहज खाता येतात, त्यावर जीवाणूंची संख्या वाढते आणि वाढलेले जीवाणू काही औषधांचेही जाता जाता विघटन करतात. पण तोच सोपा खाऊ जास्त झाला की ऑक्सिजन संपतो आणि फेनाझोनसारखी द्रव्ये सुटतात. त्यामुळे शेवाळाने औषधे कमी होतात की वाढतात, असा सरसकट प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. कोणते औषध आणि कोणत्या थरात, हे विचारावे लागते.

नायट्रेटच्या बाबतीत शेवाळाची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्राम ही नायट्रेटची मर्यादा आहे आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी विहिरी ती ओलांडतात. नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करणाऱ्या जीवाणूंना दोन गोष्टी लागतात: ऑक्सिजनचा अभाव आणि खायला कार्बन. खडकातल्या पाण्यात कार्बन फारसा नसतो. बार्सिलोनाजवळ ल्योब्रेगात नदीच्या खोऱ्यात सांत व्हिसेन्स देल्स ओर्त्स इथल्या मुरवण-तळ्याच्या तळाशी संशोधकांनी मुद्दाम वनस्पतिजन्य कंपोस्टचा थर पसरला, तो याचसाठी. शेवाळ हा कार्बन फुकट आणून देते. हिशोबाने सुमारे 3 मिलिग्राम कोरडे शेवाळ 1 मिलिग्राम नायट्रेट-नायट्रोजन वायुरूपात घालवायला पुरते. पण त्या 3 मिलिग्राममध्ये स्वतःचाही सुमारे 0.2 मिलिग्राम नायट्रोजन असतो आणि कुजल्यावर तो अमोनिया होऊन पाण्यात परततो. फायदा राहतोच, पण कागदावर दिसतो त्याहून कमी. शिवाय अमोनियाचे नायट्रेट व्हायला आधी ऑक्सिजन हवा आणि नायट्रेटचा वायू व्हायला नंतर तो नको. हे दोन टप्पे एकाच जागी घडवायचे तर पाणी भरणे आणि कोरडे ठेवणे यांची पाळी लावावी लागते. बौवर यांनी फीनिक्सजवळच्या फ्लशिंग मेडोज प्रयोगात, 1967 पासून, हेच तपासले. दोन-दोन दिवसांच्या छोट्या पाळीत सगळा नायट्रोजन नायट्रेट होऊन खाली जायचा. नऊ ते चौदा दिवसांची पाळी ठेवली की त्यातला चांगला हिस्सा हवेत जायचा.

लोह, मँगनीज आणि आर्सेनिक यांच्या बाबतीत मात्र शेवाळाला झुकते माप देता येत नाही. नायट्रेट संपल्यावर जीवाणू खडकातल्या मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांवर येतात आणि ती विरघळू लागतात. त्यांना चिकटलेले आर्सेनिकही मग सुटते. चढ्या सामूमुळेही आर्सेनिक मातीवरून सुटू शकते, म्हणजे दुपारी एका वाटेने आणि कुजताना दुसऱ्या वाटेने. इस्रायलमध्ये तेल अवीव परिसराचे सांडपाणी शाफदान प्रकल्पात 1977 पासून वाळूत मुरवले जाते आणि पुन्हा उपसून नेगेव्हच्या शेतीला दिले जाते, वर्षाला सुमारे 13 कोटी घनमीटर. काही दशके सुरळीत चालल्यावर उपशाच्या पाण्यात मँगनीज वाढू लागले. ते सांडपाण्यातून आलेले नव्हते, वाळूतलेच मँगनीज वर्षानुवर्षांच्या सेंद्रिय भाराने विरघळले होते. याचे खापर एकट्या शेवाळावर फोडता येणार नाही. पण शेवाळ हा त्याच भाराचा एक स्रोत आहे, आणि तो सांडपाण्याच्या तपासणीत न दिसणारा, कारण शुद्धीकरण केंद्राच्या दारात पाणी स्वच्छ असते आणि शेवाळ त्यापुढे तळ्यात वाढते.

निळे-हिरवे शेवाळ म्हणून ओळखले जाणारे सायनोबॅक्टेरिया खरे तर जीवाणू आहेत आणि त्यांच्या विषांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन शरीरात गेल्याने 50 हून अधिक रुग्ण दगावले. जिवंत पेशीत हे विष बहुतांश आतच असते, त्यामुळे वाळूत पेशी अखंड अडकली तर विषही अडकते आणि सावकाश बाहेर आल्यावर जीवाणू ते खातात. बर्लिनमध्ये संथ वाळूच्या गाळण्यावर झालेल्या प्रयोगात सुरुवातीला 85 टक्क्यांहून अधिक मायक्रोसिस्टिन निघून गेले. शरद ऋतू सरत आला, थंडी पडली, पेशी मरून फुटू लागल्या, तेव्हा हे प्रमाण 43 टक्क्यांपर्यंत उतरले. धोका फुललेल्या शेवाळापेक्षा मरणाऱ्या शेवाळात जास्त. म्हणूनच शेवाळ मारायला तळ्यात मोरचूद टाकण्याची आपल्याकडची सवय पुनर्भरणाच्या तळ्यात अत्यंत घातक ठरू शकते. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर 1979 मध्ये धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकल्यानंतर 148 जण, त्यात बहुतेक मुले, यकृत आणि मूत्रपिंडाच्या त्रासाने आजारी पडले. पेशी एकदम फुटल्या आणि विष एकदम पाण्यात आले. मुरवणाऱ्या तळ्यात असे झाले तर विरघळलेले विष, ऑक्सिजन खाणारा मृत गाळ आणि विघटन करणाऱ्या जीवाणूंनाच मारणारे तांबे, हे तिन्ही एका वेळी जमिनीकडे निघतात.

शेवाळावर सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय जगभर एकच निघाला आहे, तो म्हणजे तळे सुकू देणे. लॉस एंजेलिसजवळ माँटेबेलो फोरबे भागात 1962 पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी पुनर्भरणासाठी वापरतात. तिथे सात दिवस भरणे, सात दिवस उतरू देणे आणि सात दिवस कोरडे ठेवणे अशी पाळी आहे. शाफदानमध्ये एक दिवस पाणी आणि दोन-तीन दिवस कोरडे. सुकताना शेवाळाचा थर वाळतो, तडकतो, गुंडाळून सुटा होतो, खाली हवा शिरते, आणि साठलेले सेंद्रिय द्रव्य ऑक्सिजनच्या साक्षीने संपते. दुसरा उपाय महाग, पण मुळावरचा: फॉस्फरस आधीच काढणे. टेगेल तळ्यात येणाऱ्या पाण्यातला फॉस्फरस काढायला बर्लिनने 1985 मध्ये स्वतंत्र संयंत्र उभारले. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमच्या वाळूच्या टेकड्यांत 1957 पासून ऱ्हाईनचे पाणी मुरवतात, तेही आता आधी प्रक्रिया करून.

भारतात या विषयाचे स्वतंत्र काम थोडे आहे. नागपूरच्या नीरी संस्थेच्या संशोधकांनी अहमदाबादला साबरमतीच्या वाळूत केवळ प्राथमिक प्रक्रिया झालेले सांडपाणी मुरवून पाहिले आणि माती किती काम करू शकते हे दाखवले. नैनितालमध्ये शहराला नैनी तलावाच्या काठालगतच्या नलिका विहिरींतून पाणी मिळते. पोषक द्रव्यांनी लदलेल्या, शेवाळाने त्रस्त तलावाचे पाणी काठातून गाळून घेतल्यावर वापरण्याजोगे होते याचे ते जिवंत उदाहरण आहे. पण तिथे तलाव आणि विहीर यांच्यामध्ये गाळणारी जमीन आहे.

कर्नाटकातल्या कोलारमध्ये परिस्थिती वेगळी आहे. 2018 पासून बंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले द्वितीय स्तरापर्यंत प्रक्रिया झालेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातल्या शंभराहून अधिक तलावांत सोडले जाऊ लागले. नियोजन दिवसाला 44 कोटी लिटरचे. कोरड्या पडलेल्या बोअरना पाणी आले, शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, आणि तो दिलासा कमी लेखणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. सुरुवातीलाच लक्ष्मीसागर तलावात फेस आला आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. चर्चा प्रामुख्याने जड धातू, फेस आणि तृतीय स्तरावरची प्रक्रिया हवी की नको यावर झाली. माझी काळजी वेगळी आहे. नायट्रोजन-फॉस्फरस असलेले पाणी दख्खनच्या उन्हात, एकामागून एक तलावांत, बारमाही उभे. फीनिक्सचे ते 32 हेक्टरचे तळे इथे शंभरपट वाढवून ठेवले आहे. खाली वाळूचा जाड थर नाही, भेगाळलेला ग्रॅनाइट-नाइस आहे, ज्यात पाणी शिरले की गाळणी संपली. आणि तलाव कधीच कोरडे पडत नाहीत.

महाराष्ट्रातल्या पाझर तलावांकडे पाहिले की एक जुनी शहाणी व्यवस्था दिसते. पावसाळ्यात भरायचे, हिवाळ्यात मुरायचे, उन्हाळ्यात कोरडे पडायचे. 1972 च्या दुष्काळानंतर हजारो तलाव झाले, त्यांचा हिशोबच उन्हाळ्यापूर्वी पाणी जमिनीत जावे असा असतो. हा कोरडा काळ म्हणजे माँटेबेलोच्या सात दिवसांचा मोठा भाऊ. उन्हाळ्यात काढून शेतात टाकला जाणारा गाळ तळ मोकळा करतो आणि शेवाळाने वर्षभर बांधलेला फॉस्फरसही तलावाबाहेर नेतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेचा हा फायदा कुणी मोजलेला माझ्या पाहण्यात नाही, पण तो मोजण्यासारखा आहे. गावाबाहेरच्या तलावांत आता जागोजागी सांडपाणी येते, तलाव बारमाही हिरवे राहतात आणि ही शिस्त मोडते. वर मातीचा पातळ थर, मध्ये मुरूम, आणि खाली भेगांचा बेसाल्ट. तो मातीचा थर कुजलेल्या शेवाळाने ऑक्सिजनविना झाला की राखीव दुसरे काही उरत नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्यात पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी येऊन पाणी हिरवे होते हे काठच्या गावांना सांगायला नको. तिथल्या काठालगतच्या विहिरी नकळत काठगाळणीच करत आहेत. त्यांच्या पाण्यात मँगनीज, अमोनिया आणि मायक्रोसिस्टिन ऋतूनुसार कसे बदलतात हे नियमित पाहिले पाहिजे. आणि ज्या शेतकऱ्यांनी तलावाचे किंवा ओढ्याचे हिरवे पाणी खडी-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून थेट बोअरमध्ये सोडले आहे, त्यांनी ते थांबवावे असे मी स्पष्ट म्हणेन. हातभर वाळूतून काही मिनिटांत गेलेले पाणी गाळलेले दिसते, त्यातले विरघळलेले काहीच अडलेले नसते, आणि खाली गेलेले शेवाळ अंधारात कुजते.

तपासणी अवघड नाही. पुनर्भरणाच्या प्रत्येक तलावात पहाटे आणि दुपारी विरघळलेला ऑक्सिजन व सामू, पाण्यातले हरितद्रव्य, आणि जवळच्या दोन-तीन विहिरींत मँगनीज, अमोनिया व नायट्रेट. विहिरीत नायट्रेट उतरत असताना मँगनीज चढू लागले तर जमीन नायट्रेटचा टप्पा संपवून पुढच्या टप्प्यावर गेली आहे असे समजावे आणि तो तलाव सुकू द्यावा. कोलारसारख्या साखळीत हे शक्य आहे: सगळे तलाव एकदम भरून ठेवण्याऐवजी पाळीने काही भरायचे, काही सुकवायचे. अडचण तांत्रिक नाही. भरलेल्या तलावावर मासेमारीचा ठेका असतो, जनावरांचे पाणी असते, आणि आपला तलाव आधी कोरडा करायला कोणतीही ग्रामपंचायत सहज राजी होणार नाही. त्यामुळे पाळीपत्रक पाइपलाइनच्या आराखड्यातच, ठेक्याच्या अटी आणि जनावरांसाठी राखीव हौद यांसकट, पाणी सोडण्यापूर्वी लिहून घ्यावे लागेल.